वाचनालयाची यादी फोनवर: प्रकल्प नोंदी

१ जून २०२४, शनिवार

सकाळी दहाला वाचनालयात पोचले. काकांनी तिन्ही दाखल नोंदवह्या आधीच टेबलावर काढून ठेवल्या होत्या. हे काका म्हणजे आमचे ग्रंथपाल. मी चौथीत असताना "हे पूर्ण वाचलंस ना?" असं विचारून मगच दुसरं पुस्तक हातात ठेवायचे, ते हेच.

काम असं: सभासदाला घरबसल्या फोनवर कळावं, की हवं ते पुस्तक आपल्याकडे आहे का आणि असलं तर कुठल्या कपाटात. कार्यकारी मंडळाची तेवढीच मागणी आहे आणि ती रास्त आहे.

हाताशी काय आहे: दाखल क्रमांक १ ते ८,९१२ जुन्या संगणकावर टाइप केलेले आहेत. तिथून ११,२४० पर्यंतचे फक्त वहीत. फाइल जुन्या संगणकावर स्वच्छ मराठीत दिसते, छापूनही छान येते. फोनवर उघडली की कंस, टक्क्याच्या खुणा आणि रोमन अक्षरांचा काला.

काकांना वाटलं फाइल बिघडली. बिघडलेली नाही. त्या काळच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले असत: एका जागी अर्धा स, दुसरीकडे काना, तिसरीकडे रफार. दर कंपनीची मांडणी वेगळी. म्हणजे फाइलीत मराठी नाहीच. मराठी होतं ते फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्ट फक्त याच संगणकावर आहे. गेली वीस वर्षं तो कुणी काढून टाकला नाही हे मोठं नशीब.

कोहाचाही विचार केला. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलेली ही मुक्त प्रणाली २००० सालापासून चालू आहे. देवघेव, वर्गणी, सगळं सांभाळते. पण घाणेरडी यादी चांगल्या प्रणालीत ओतली तरी घाणेरडीच राहते. आधी यादी निर्मळ करायची, शोधासाठी एक साधं पान करायचं. कोहा पुढच्या वर्षी.

२ जून, रविवार

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक संकेतांमध्ये, नेणारा प्रोग्रॅम लिहिला. तुकड्यांची कोष्टकं जुळवायला दुपार गेली, ते अपेक्षितच होतं. खरी मेहनत वेलांटी आणि रफारावर झाली.

जुन्या फाइलीत जसं दिसतं तसंच साठवलेलं असतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधीच टाइप होते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: आधी अक्षर, मग वेलांटी. म्हणून वेलांटी उचलून पुढे न्यायची. मी ती एक अक्षर पुढे नेली आणि 'किती' बरोबर आलं. 'स्थिती'ची वेलांटी मात्र अर्ध्या सवरच अडकून बसली. तिला अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यावं लागतं.

रफाराचं उलटं. 'मूर्ती'त तो त-वर दिसतो आणि जुन्या फाइलीत अगदी शेवटी असतो. युनिकोडमध्ये र् हा त-च्या आधी हवा. 'पूर्वार्ध'मध्ये असे दोन. असल्या शब्दांची एक परीक्षायादीच केली: स्थिती, मूर्ती, पूर्वार्ध, निर्मिती, कीर्ती, आर्द्रता, स्त्री. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की आधी ही यादी चालवायची. जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणाऱ्या कुणालाही माझा हाच सल्ला राहील.

रात्री साडेनऊला 'निर्मिती' नीट उमटली. काकांना फोन केला. ते म्हणाले, "आता 'कर्तृत्व' बघ." ते नाही आलं. उद्या.

८ जून, शनिवार

'कर्तृत्व' झालं. ८,९१२ नोंदी बदलून स्प्रेडशीटमध्ये आणल्या.

मग एक गंमत. आमच्याकडे पुस्तकाची जागा 'कपाट-खण' अशी लिहितात. ५-८ म्हणजे पाचवं कपाट, आठवा खण. स्प्रेडशीटनं त्याची ५ ऑगस्ट केली. एकूण कपाटं २२, प्रत्येकात आठ खण, म्हणजे प्रत्येक जागा कॅलेंडरात बसते. सगळं वाचनालय जानेवारी ते ऑगस्टमध्ये विभागलं गेलं! चरित्रं एप्रिलमध्ये, नाटकं जूनमध्ये. काका पडद्याकडे बघून पोट धरून हसले. "दिवाळी अंकांना जागा मिळाली नाही की गं पोरी," म्हणाले.

ही खोड जगभर माहीत आहे. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण 'मार्च१' आणि 'सेप्ट१' अशा नावांच्या स्प्रेडशीटमध्ये तारखा होत होत्या. शास्त्रज्ञांनी जनुकांची नावं बदलली, तर आम्ही कपाटांची बदलायला हरकत नाही. आता जागा 'क५ख८' अशी लिहायची. हिची तारीख कुणी करू शकत नाही.

याच सपाट्यात आणखी तीन दुरुस्त्या:

दाखल क्रमांक ००४५७ चा ४५७ झाला होता. तो रकाना 'मजकूर' ठरवला. माहिती भरण्याआधी ठरवावं लागतं. नंतर ठरवून गेलेली शून्यं परत येत नाहीत.

आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचे, तेरा अंक ९.७८ आणि मागे घात अशा रूपात दिसू लागले होते. तशीच सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेला साधा मजकूर) जतन केली असती तर शेवटचे अंक कायमचे गेले असते. हाही रकाना मजकूर. बेरीज-वजाबाकी ज्याची करायची नाही तो आकडा नव्हेच, हे मुलांना समजावताना फार सोपं जातं.

किमती देवनागरी आकड्यांत होत्या आणि बेरीज शून्य येत होती. आमच्या फाइलीत ते आकडे मजकूर म्हणून बसले होते. मी प्रोग्रॅम लिहिते ती पायथन भाषा मात्र '१२५' हा सरळ एकशे पंचवीस म्हणून वाचते, काही सांगावं लागत नाही. हे पाहून फार बरं वाटलं.

१५ जून, शनिवार

पाऊस. दोनदा वीज गेली.

चिटणीसांना फाइल पाठवली होती. त्यांनी दोनदा टिचकी मारून उघडली आणि फोन केला: "यादीत जपानी पैसे का आलेत?"

खरंच आले होते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाची खूण, मधूनमधून येनची खूण, आणि ओळीच्या ओळी अशाच. कारण शोधलं आणि ते मला इतकं आवडलं की सविस्तर लिहून ठेवते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं (साठवणीच्या तीन घरांचं) असतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच. फाइल जुन्या युरोपीय पद्धतीनं वाचली की तो पहिला बाइट तिरक्या रेघेचा ए होतो. दुसरा बाइट दोनच प्रकारचा: युनिकोडच्या देवनागरी तक्त्याच्या पूर्वार्धातल्या चिन्हांना चलनाची खूण, उत्तरार्धातल्यांना येन. आणि ती सीमा नेमकी पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीच्या मधून जाते! ऱ्हस्व वेलांटी पूर्वार्धातलं शेवटचं चिन्ह, दीर्घ वेलांटी उत्तरार्धातलं पहिलं. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की येन कमी-जास्त होतो.

उपाय सोपा: जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडायचा. त्यानं फाइलीच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण बसते आणि उघडणाऱ्याला कळतं की आत काय आहे. चिटणीसांना नवी फाइल पाठवली. "आता रुपयात आलं," म्हणाले.

२३ जून, रविवार

वहीतल्या उरलेल्या २,३२८ नोंदी टाइप करायला अकरावीतली दोन मुलं आणि एक मुलगी येतात. तिघं आपापल्या फोनवर टाइप करतात आणि माझ्यापेक्षा भरभर करतात. आज एकत्र केलेल्या नोंदी तपासल्या.

'ॲ' दोन प्रकारे आलाय. एका कीबोर्डवरून एकसंध ॲ, दुसऱ्यावरून अ आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं. डोळ्यांना फरक नाही. यंत्राला ही दोन वेगळी अक्षरं. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीच्या मजकुरात जोडकाम असणारच. सगळे एकसंध केले.

'दऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे आलाय: कुणी ऱ-ला हलन्त दिलाय, कुणी र-ला हलन्त देऊन मागे न दिसणारं जोडचिन्ह घातलंय. हाही एका पद्धतीत आणला. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगराएवढं अंतर आहे. मराठीनं जपलेला हा र तसाच दिसला पाहिजे, यावर मी अडून राहणार.

आणि 'बालवाङ्मय'. तिघांनी मिळून तीन रूपं दिली: वाड्मय, वाङमय, वाङ्मय. मुलीनं विचारलं, "ताई, हा टिंबवाला ड कुठे असतो?" तिच्या कीबोर्डवर शोधला. क-ख-ग-घच्या शेजारी, घ दाबून धरल्यावर निघाला. वर्णमालेतल्या आपल्या जागीच बसला होता बिचारा. तिला इतका आनंद झाला की तिनं सलग दहा वेळा वाङ्मय लिहिलं.

६ जुलै, शनिवार

शोधाचं पान तयार. काकांना पहिला शोध घ्यायला बसवलं. त्यांनी हरि नारायण आपट्यांची कादंबरी टाइप केली: 'पण लक्षात कोण घेतो'. उत्तर आलं: 'सापडलं नाही.'

काका उठले, चौथ्या कपाटातून पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मुखपृष्ठावर 'लक्षांत', अनुस्वारासह. नोंदवहीत तसंच उतरवलेलं, फाइलीत तसंच आलेलं.

काम किती मोठं आहे ते इथे कळलं. आजचे लेखननियम मराठी साहित्य महामंडळाचे. शासनानं ते १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडून अठरा झाले. त्याआधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं', 'केलें' असे अनुस्वार जागोजागी. 'कवि', 'गति' ऱ्हस्व. आमच्याकडे अशी जुनी पुस्तकं शेकड्यांनी आहेत आणि वाचक शोधणार आजच्या लेखनानं, तेही घाईत, फोनवर, बसमधून.

पहिला विचार आला की नावं आजच्या नियमांनी लिहून टाकावीत. काकांनी ठाम नाही म्हटलं. "छापलंय तेच नाव. ते आपलं नाही बदलायचं." पटलं. ग्रंथसूचीत पुस्तकाचं नाव मुखपृष्ठावरच्या रूपातच राहिलं पाहिजे.

मग वाचकाला बदला? त्यालाही नाही. तो पुस्तक मागायला आलाय, शुद्धलेखनाच्या परीक्षेला नाही.

७ जुलै, रविवार

उत्तर सापडलं: एक लपलेला रकाना. त्याला मुलांनी 'शोधकिल्ली' नाव दिलं. नाव जसंच्या तसं राहतं. त्याशेजारी त्याचंच मोडूनतोडून सपाट केलेलं रूप, जे कुणालाच दिसत नाही. वाचक जे लिहील तेही त्याच नियमांनी सपाट करायचं आणि सपाट रूपाला सपाट रूपाशी ताडायचं.

आजपर्यंतचे नियम:

सगळे अनुस्वार काढायचे. 'लक्षांत' आणि 'लक्षात' एक झाले. 'पण्डित'मधला ण् हा अनुस्वाराचंच काम करतो, तोही काढायचा, 'पंडित'शी जुळलं.

ऱ्हस्व-दीर्घ एक. सगळ्या वेलांट्या दुसऱ्या, सगळे उकार दुसरे. 'स्मृतिचित्रें' छापलेलं असो नि वाचकानं 'स्मृतीचित्रे' लिहिलेलं असो, भेट होते.

श आणि ष एक. कोश-कोष वाद इथे मिटला.

ङ-चा ड. वाङ्मयाची तिन्ही रूपं 'वाडमय' होतात.

ऱ-चा र, हलन्त काढायचे, न दिसणारी जोडचिन्हं काढायची. इथे हात थबकला, कारण दर्या आणि दऱ्या किल्लीत एक होतात. पण ते फक्त किल्लीत. पडद्यावर दोघं आपापल्या जागी शाबूत.

या सपाटीकरणात चुकीच्या गाठीही पडतात. 'वंश' शोधला की 'वश'ही येतो. चालेल. दोन पुस्तकं जास्त दिसली तर वाचक आपलं निवडून घेतो. 'सापडलं नाही' वाचलं की तो फोन खिशात टाकतो, आणि पुस्तक चौथ्या कपाटात धूळ खात राहतं.

ण-चा न करण्याचा नियमही मी मांडला. काका चिडले. चाळीस वर्षं त्यांनी काउंटरवर लोकांचे ण सुधारलेत. "पाणी आणि पानी एक करणार? एवढं माझं ऐक." ऐकलं. ण-न नियम यादीत नाही.

१७ जुलै, बुधवार

आषाढी, सुट्टी. काका उपवासाचे, तरी आले आणि माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी घेऊन आले.

आज क्रमवारी. संगणकानं लावलेल्या यादीत 'ज्ञ'ची पुस्तकं ज-च्या शेपटीला, 'क्ष'ची क-च्या. यंत्राच्या दृष्टीनं बरोबर आहे. ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. पण आमच्या कार्ड-कपाटाचा शेवटचा खण 'ह, क्ष, ज्ञ' असा आहे आणि सगळा गाव ज्ञानेश्वरी शेवटी शोधतो. ळ तर युनिकोडमध्ये ल आणि व यांच्या मध्ये बसलाय, आणि आम्ही शाळेत म्हणायचो 'स ह ळ क्ष ज्ञ'.

स्वतःचा क्रम लिहून दिला: ह-नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. पंधरा ओळींचं काम. यादी छापली, काकांनी शेवटचं पान आधी उघडलं. खिचडी गार झाली होती, तरी दोघांनी चवीनं खाल्ली.

३ ऑगस्ट, शनिवार

मुदत संपत आल्याची आठवण एसएमएसनं पाठवायची आहे. काकांनी मजकूर सुंदर लिहिला होता, पत्रासारखा. मोजला. रोमन लिपीत एका एसएमएसला १६० अक्षरं मिळतात. देवनागरीत ७०, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. एकट्या 'स्त्री'ला सहा जागा. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' एवढ्यानंच २७ जागा जातात. लांब मजकूर तुकड्यांत जातो आणि दर तुकड्याचे पैसे पडतात.

चौघांनी बसून कापाकापी केली. शेवटी ठरलं: 'आपल्याकडील पुस्तक परत करण्याची मुदत उद्या संपते. वाचनालय'. ५६ जागा. काकांना नमस्कार गेल्याची हळहळ. उरलेल्या १४ जागांत तो बसवला: शेवटी 'नमस्कार.' आणि वर पाच जागा शिल्लक.

२५ ऑगस्ट, रविवार

फोनवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितलेत, आणि आमच्या मुलांना शाळेत तेच शिकवतात. पानाच्या कोडात भाषा मराठी आहे एवढं सांगितलं आणि नोटो सान्स देवनागरी फॉन्ट लावला. त्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. भाषा कळली की तो योग्य ते काढतो. एका शब्दाचं काम होतं आणि पान एकदम आपलं दिसू लागलं.

कपाटांच्या चिठ्ठ्या छापल्या. मुलांनी चिकटवल्या.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन. पान सगळ्यांसाठी उघडलं. समारंभ छोटा, पेढे भरपूर.

पान एक काम गुपचूप करतं: जो शोध रिकामा जातो तो शब्द एका यादीत टिपून ठेवतं. कुणी शोधला ते नाही, फक्त शब्द. संध्याकाळपर्यंत ३४ शब्द जमले. काकांबरोबर एकेक पाहिला. १९ पुस्तकं आपल्याकडे खरंच नाहीत. काकांनी ती खरेदीच्या वहीत उतरवून घेतली. "चाळीस वर्षांत वाचकाला काय हवं होतं ते मला असं कधी लिहून मिळालं नाही," म्हणाले आणि ती यादी घडी करून खिशात ठेवली.

उरलेल्या १५ शोधांतली पुस्तकं आपल्याकडे आहेत आणि तरी सापडली नाहीत. त्यातले अकरा ण-न चे. सगळ्यात वर 'कोन घेतो'.

तो शोध कुणाचा हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दुपारी एक आजी नातवाचा फोन घेऊन काउंटरशीच टाइप करत होत्या. चष्मा घरी राहिला होता. सापडेना, तेव्हा त्या काकांना म्हणाल्या, "अहो भाऊ, ते यमूचं पुस्तक द्या ना." यमू म्हणजे त्या कादंबरीची नायिका. काकांनी दिलं.

आता काका त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "पोरी, तुझा तो ण-चा नियम घालून टाक. किल्लीतच ना? नावात नाही ना?"

"नावात नाही, काका."

"मग घाल."

घातला. ११,२४० किल्ल्या पुन्हा तयार झाल्या, चहा ओतेपर्यंत. काकांनी स्वतः 'कोन घेतो' टाइप केलं. पहिलंच नाव: 'पण लक्षांत कोण घेतो', क४ख२, छापलं होतं तसंच, अनुस्वारासकट. काका उठून चौथ्या कपाटाशी गेले आणि रिकाम्या जागेवर हात ठेवून हसले.

पुस्तक आजींकडे आहे. परत येणार २५ तारखेला; २४ ला त्यांना एसएमएस जाईल, नमस्कारासह.